लंगडी घालणारा चोर

"खाडीपलीकडे खरेखुरे पोर्तुगीज शिपाई दिसतात? बंदुका घेतलेले?" गुरुदासनं डोळे मोठे करून विचारलं.

"दिसतत तर! पण तुका बघल्यार घाबरान पळतले!" बाबली म्हणाला, आणि हिरा खो खो हसली.

शिरोड्याच्या गाबीतवाडीत, मच्छीमारांच्या वस्तीत, माडाखाली बसून आरोंद्याला जायचा बेत चालला होता; तिथल्या खाडीपलीकडे गोवा, तेव्हा अजून पोर्तुगीजांचा. गुरुदास दिवाळीच्या सुट्टीला मुंबईहून आला होता. बाबली त्याचा आत्येभाऊ. हिरा शेजारची, दोघांपेक्षा उंच आणि दोघांवर हुकूम चालवणारी! बेत ठरणार एवढ्यात किनाऱ्यावरून आरडाओरडा ऐकू आला आणि तिघंही धूम पळाले.

किनाऱ्यावर अख्खी वाडी जमली होती. बायका रडत होत्या. रापण कापली होती! रापण म्हणजे साऱ्या वाडीचं मिळून एकच मोठं जाळं. होडीतून समुद्रात सोडायचं, मग दोन्ही टोकांना माणसं लागून किनाऱ्यावर ओढायचं. त्यावर वाडीतली प्रत्येक चूल पेटायची. काल संध्याकाळी वाळूत पसरलेलं ते ओलं जाळं कोयत्यानं चार ठिकाणी फाडलेलं होतं, आणि बांगड्याचा हंगाम तर ऐन तोंडावर!

रापणीचे प्रमुख दाजी डोकं धरून बसले होते. तेवढ्यात लॉरीतून मासळी नेणारे व्यापारी भाई मोठ्यानं ओरडले, "ह्यां बघा! टायरच्या वहाणांचे ठसे!"

तेव्हा लॉरीचं जुनं टायर कापून वहाणांचे तळ करत. वाडीत तसल्या वहाणा एकाच्याच होत्या, हिराच्या वडलांच्या, तुकारामआबांच्या. काल सगळी वाडी दाजींच्या अंगणात तुळशीच्या लग्नाला गेली होती. आबा मात्र घरी होते, कारण पायाला पाकट माशाचा विषारी काटा लागला होता. त्यात आठवड्यापूर्वी त्यांचं दाजींशी कडाक्याचं भांडण झालेलं! मोठ्या माणसांना आणखी काय हवं होतं? कुणीतरी आबांची वहाण आणून ठशावर ठेवली. नक्षी अगदी तीच!

"मी केलंय नाय," आबा एवढंच म्हणाले.

"दाजीनू," हिरा पुढे झाली, "रापणीकडे वहाणो घालून कोण जाता? सगळे त्यो सुरूच्या झाडांखाली काढतत. आबा तर वहाणो घालून थय कधीच जाणत नाय!"

"चोराक कसली रीत, गो?" दाजी तिच्याकडे न बघताच म्हणाले. "सांजवेळी बैठक बसतली. तुकाराम रापणीत रवतलो काय नाय, ता थयच ठरतला."

रापणीतून काढलं म्हणजे समुद्र असून नसल्यासारखा. वाडी सोडण्यावाचून गत्यंतर नाही. आबा लंगडत घरी गेले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. हिरानं हाक मारली तर म्हणाले, "जावंदे, बाय. मालवणाक तुझी आत्या आसा, थय जावया."

हिरा तडक बाहेर पडली. तिला मालवणला जायचं नव्हतं! चोराची मुलगी म्हणून तर कुठंच जायचं नव्हतं!

तिघं पुन्हा किनाऱ्यावर आली. जाळ्यातून ठिबकलेल्या पाण्यानं वाळू अजून दमट होती, म्हणून ठसे टिकले होते. पण ऊन चढत होतं, कडा ढासळू लागल्या होत्या, आणि मोठी माणसं ठशांवरूनच ये-जा करत होती! डोळे उघडे असून कुणाला दिसत नव्हतं.

"टोपल्यो हाड, बाबल्या!" हिरानं हुकूम सोडला. चांगल्या ठशांवर टोपल्या पालथ्या पडल्या, टोपल्यांवर ओली फडकी आली. एका ठशाच्या कडेला पोपटानं चोच मारावी तसा एक तुकडा उडालेला दिसत होता.

"आबांच्या वहाणेला असा चावा नाही!" गुरुदास ओरडला.

हिरा धावत दाजींकडे गेली आणि तशीच परतली. "म्हणतत, बापूस सुटाक व्हयो म्हणान पोर कायपण सांगता."

हिरा आणि गुरुदास टोपल्यांपाशीच बसली. बाबलीला मात्र एका जागी बसणं कधी जमलंय? तो ठशाठशांवर पाय टाकत निघाला, दोनदा तोल गेला आणि शेवटी सरळ एका पायावर उड्या मारू लागला.

"गाढवा, खेळतंस काय?" हिरा खवळली.

"खेळतंय खंय? दुसरो पाय ठेवूक जागाच नाय! सगळे ठसे एका रेषेत आसत. हो चोर काय लंगडी घालीत इलो?"

गुरुदास ताडकन उठला. खरंच की! डावा नाही, उजवा नाही, एकामागून एक सरळ रांग. टाचही नाही आणि अंगठाही नाही! मधली वाळू झाडल्यासारखी दिसत होती, माडाच्या झापाचे, म्हणजे झावळीचे, ओरखडे स्पष्ट होते. पलीकडे काही हातांवर तशीच दुसरी रांग होती. मोठी माणसं तिला 'परत जातानाचे ठसे' म्हणाली होती!

"सुंभ आण!" त्यानं चाव्यापासून दोरी ताणली. मधल्या ठशांना चावा नव्हता, पुढे एकाला होता. तिथं गाठ मारली आणि तेवढीच दोरी आणखी पुढे टाकली. पुन्हा चावा! "एकाच वहाणेचे ठसे असते, तर प्रत्येकाला चावा असता. हा ठरावीक अंतरानंच येतो. म्हणजे काहीतरी गोल..."

"चाक!" हिरा किंचाळली. "ही वहाण नाय, लॉरी आसा! भाईची लॉरी!"

तिघं धावत भाईंच्या अंगणात गेली. लॉरी धुऊन लखलखीत करून ठेवलेली! तीही कधी नव्हे ती, आज! जवळ गेलं तर भाईंच्या गड्यानं हुसकावून लावलं. मोजायचं कसं? उन्हं कलली, किनाऱ्यावर बैठक बसली, आणि हिराला रडू फुटलं. पुढचं सगळं संपल्यातच जमा होतं.

"रडा नको गो," बाबली म्हणाला. "भाईची हाव अजून जाग्यावर आसा मां?"

तो बोंब मारत भाईंच्या दारात गेला. "भाईनू! खालच्या वाडीच्या रापणीक बांगडो लागलो! वेंगुर्ल्याचे व्यापारी पोचतले हां!"

भाईंनी चहाही पुरता प्यायला नाही. ओहोटी होती, वाळू कडक होती, लॉरी भरधाव बैठकीसमोरून गेली. मागे दोन रेषा उठल्या, छापखान्यात छापाव्यात तशा.

"दाजीनू, एकदाच बघा!" हिरानं दोरी वाळूत टाकली. चाव्यापासून चाव्यापर्यंत, गाठीला गाठ! गुरुदासनं टोपली उचलली, आणि सगळे कधी त्या ठशाकडे, तर कधी ओल्या रेषेकडे बघत राहिले.

बांगड्याविना परत आलेले भाई तणतणत उतरले. "सगळी टायरां सारखीच असतत!"

दाजींनी वाकून मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला हात घातला आणि रापणीच्या सुताचा गुंता ओढून काढला.

आता भाईंना कबूल करावंच लागलं. काळोखात लॉरी वळवताना चाकं जाळ्यात अडकली होती. त्यांनी कोयत्यानं जाळं कापलं, झापानं वाळू झाडली. "सकाळी थोडे ठसे रवलेले दिसले... तुकारामाच्या वहाणेसारखे. तोंडातसून येवन गेला. मगे परत कसा घेवचा?"

"नवी रापण तुमीच घालून देतलात," दाजी म्हणाले. मग मुलांकडे वळले. "शाब्बास रे पोरांनो! आमचे डोळे म्हातारे झाले, तुमचे नाय!" कुणी पाठ थोपटली, कुणी बाबलीला खांद्यावर घेतलं. हिराला मात्र काहीच गोड लागेना. ज्यांनी सकाळी तोंड फिरवलं, तेच आता कौतुक करत होते. ती घराकडे पळाली. तिच्यामागून दाजी आणि सगळी वाडी.

आबा उंबऱ्यात उभे होते, काखेत बोचकं.

"तुकाराम, चुकलंय मी," दाजी हात जोडून म्हणाले. "रापणीत ये."

आबांनी बोचकं काखेत घट्ट धरलं. "दाजीनू, तुमी ठसो बघलात. एवढी वर्सां तुमच्या बाजूक उभो रवान दोर ओढलंय. माका कोणी बघलात नाय."

दाजींची मान खाली गेली ती वर येईना. हिरानं आबांच्या काखेतलं बोचकं हळूच काढून घेतलं, आणि त्यांनी ते सोडलं.

नवी रापण यायला हंगाम जाणार होता, म्हणून फाटलेलीच सांधायला घेतली. आबा लंगडत किनाऱ्यावर आले. जाळ्याभोवती बसलेली माणसं न बोलता दोन्ही बाजूंना सरकली. आबा मधे बसले, पण त्या दिवशी ते कुणाशीच बोलले नाहीत.