आपल्या बाजूचा झेंडा

"ओ रेफ्री, चष्मा घाला, चष्मा!"

सुलक्षणाच्या तोंडून हे वाक्य सुटलं आणि विक्रोळीच्या कारखान्यामागचं अख्खं मैदान खो खो हसलं. खरं तर ती आली होती धाकट्या भावाचे, लवूचे, घरी विसरलेले मोजे द्यायला. दोन मिनिटं थांबते म्हणाली आणि पंधराव्या मिनिटाला तिचा आवाज सगळ्यांच्या वर चढला होता. चाळीच्या भजनात मागच्या रांगेत बसूनही जिला माईक लागत नसे, अशी ही मुलगी. शहाऐंशी साली टीव्हीवर वर्ल्ड कप दिसला, चाळीतल्या पोरांनी बॅटी माळ्यावर टाकल्या आणि त्यांच्यामागे आया, काका, शेजारी असे सगळेच दर रविवारी रेषेवर येऊन उभे राहायला लागले. फुटबॉल किती जणांना कळत होता देव जाणे, पण रेफ्रीला शिव्या घालणं मात्र पहिल्याच रविवारी जमलं होतं.

शिट्टी वाजली. खेळ थांबला आणि काळ्या शर्टातला तो उंच, सडपातळ रेफ्री सरळ तिच्याकडेच चालत आला. त्याच्या नाकावर चष्मा होता. पडू नये म्हणून डोक्यामागून नाडीनं घट्ट बांधलेला.

"घातलाय," तो म्हणाला.

सुलक्षणानं जीभ चावली.

"तुमच्या संघाचा लाईनमन आलेला नाही," त्यानं लाल झेंडा पुढे केला. "तुम्हाला इथून इतकं स्वच्छ दिसतंय, तर तुम्हीच या."

"मी? मला काय येतं त्यातलं?"

"मघापासून तर सगळंच येत होतं."

मैदान पुन्हा हसलं, पण या खेपेला तिच्यावर. सुलक्षणा हट्टाची पक्की. तिनं ओढणी कमरेला बांधली आणि त्याच्या हातातून झेंडा जवळजवळ ओढूनच घेतला. त्या ओढाओढीत दोघांची बोटं एकमेकांना लागली, आणि तो... चक्क लाजला. पन्नास माणसांच्या शिव्या ऐकून न हललेला माणूस लाजतो, हे तिला अजबच वाटलं.

त्याचं नाव श्यामकांत प्रधान. राहणारा मुलुंडचा, विमा कचेरीत कारकून आणि रविवारी चौदा वर्षांखालच्या पोरांच्या लीगचा रेफ्री. लीगकडे रेफ्री मोजून तीन, म्हणून लाईनमन ज्या त्या संघानं द्यायचा. श्यामकांतचा मात्र एक वेगळाच नियम होता. लाईनमननं आपलाच संघ जिकडे गोल करायला धावतो त्या अर्ध्यात उभं राहायचं. म्हणजे आपल्याच पोरांचा ऑफसाईड आपणच दाखवायचा.

"हा कसला उफराटा नियम?" मॅच संपल्यावर पाण्याच्या टाकीखाली तिनं विचारलं.

"समोरच्यांची चूक सगळ्यांनाच दिसते. त्यासाठी झेंडा कशाला हवा?"

मग त्यानं तिला ऑफसाईड समजावला. पास सुटतो त्या क्षणी आपला पोरगा समोरच्या बचाववाल्यांच्याही पुढे जाऊन उभा असला, तर गोल धरायचा नाही.

"म्हणजे रेशनच्या रांगेत मधेच घुसणं."

"अगदी तेच. आणि एकदा झेंडा वर गेला की डगमगू द्यायचा नाही."

"एवढं बोलतात लोक. राग नाही येत तुम्हाला?"

"येतो ना. सोमवारी येतो. रविवारी वेळच नसतो." तो हसला आणि चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसू लागला. "गेल्या वर्षी बारा वर्षांचं एक पोरगं माझ्या अंगावर थुंकलं. त्याचं मला काही वाटलं नाही. पण रेषेवर उभ्या असलेल्या त्याच्या बापानं टाळी वाजवली... ती अजून ऐकू येते."

सुलक्षणा मान खाली घालून झेंड्याची काठी मातीत टोचत राहिली. तिला स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून जास्त असं वाटलं, की या माणसानं आणखी थोडा वेळ इथेच बसावं.

पुढच्या रविवारी खरा लाईनमन आला, तर तिनं त्यालाच घरी पिटाळलं. त्यानंतर आठवडा सरता सरेना. कंपनीत टायपिंग करताना तिनं मंगळवारच्या पत्रावर रविवारची तारीख टाकली. साहेबांनी विचारलं, "अहो, काय चाललंय काय?" काय चाललंय ते तिला तरी कुठे ठाऊक होतं! शनिवारी संध्याकाळी ती तीनदा गॅलरीत जाऊन ओढणी वाळली का पाहून आली. ओढणी दुपारीच वाळली होती.

आणि घरात होते अण्णा, तिचे वडील. तरुणपणी गिरणीच्या संघाचे गोलकीपर. कुठल्याशा रेफ्रीनं त्यांच्याविरुद्ध दिलेली एक पेनल्टी ते तीस वर्षं उराशी धरून होते. रेषेवर सर्वांत मोठा आवाज त्यांचाच.

"त्या काळ्या शर्टवाल्याचा नावसुद्धा या घरात काढूचा नाय," जेवताना ते म्हणाले, आणि सुलक्षणा पाण्याचा तांब्या भरायला उठून गेली.

फायनलच्या आदल्या रविवारी श्यामकांत चष्म्याची नाडी सोडत, तिच्याकडे न बघता म्हणाला, "फायनल झाली की मी तुमच्या अण्णांना भेटायला येणार आहे."

"कशाला?"

"कशाला ते तुला माहीत आहे."

तू! पहिल्यांदाच. तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

"आम्ही जिंकलो तर या," ती कशीबशी म्हणाली. "अण्णा खुशीत असतील."

"आणि हरलात तर?"

"तर ते तुम्हाला आमचा जिनासुद्धा चढू देणार नाहीत." हे ती हसत म्हणाली खरी, पण ते अगदी खरं होतं. तो आठवडा तिनं कसा काढला ते तिचं तिला माहीत.

फायनल घाटकोपरच्या संघाशी होती. जानेवारीतली सकाळ, खाडीवरून येणारा खारट वारा, रेषेवर सगळी चाळ. दोन्हीकडे एकेक गोल झाला होता आणि दोन मिनिटं उरली होती. तेवढ्यात विक्रोळीच्या खंडूनं मधून लांब पास मारला, लवू सुसाट धावला आणि बॉल जाळ्यात.

चाळ नाचायला लागली. अण्णांनी टोपी हवेत उडवली.

सुलक्षणानं मात्र पाहिलं होतं. पास सुटला तेव्हा लवू पुढे होता. एक पाऊल. फार तर दीड. घाटकोपरच्या पोरांनाही कळलं नव्हतं. श्यामकांत मधोमध उभा राहून तिच्याकडेच बघत होता. झेंडा खाली राहिला तर कप घरी, अण्णा खूश आणि संध्याकाळी जिन्यावर त्याची पावलं. तिला हे हवं होतं, इतकं हवं होतं की हात शिशाचा झाला. पण तो बघत होता. विश्वासानं. त्या नजरेला खोटं सांगून तिला तो नको होता.

तिनं झेंडा वर केला.

शिट्टी वाजली. गोल रद्द. रेषेवरची सगळी चाळ तिच्यावर तुटून पडली. "घरभेदी!" "डोळे फुटले काय गो?" एक चप्पल तिच्या पायाशी येऊन पडली. जिच्या मांडीवर ती लहानाची मोठी झाली, ती शेजारची सोनूबाई घसा फोडून ओरडली, "सुले, चष्मो घाल, चष्मो!"

तिचे डोळे भरून आले, पण झेंडा हलला नाही.

अण्णा धावत आले. चेहरा लालबुंद. आता हे झेंडा हिसकावणार, असं तिला वाटलं.

"लवू फुडे होतो?"

"होता, अण्णा. एक पाऊल."

अण्णांनी तिच्या गालावरचं पाणी पाहिलं. पायाशी पडलेली चप्पल पाहिली. मागे वळून ओरडणाऱ्या आपल्या माणसांकडे पाहिलं, जणू त्यांना आज पहिल्यांदाच ऐकत होते. मग ते मुलीच्या पुढे जाऊन उभे राहिले.

"गप रवा सगळी. माजा चेडू खोटा बोलना नाय."

पेनल्टी किकवर विक्रोळी हरली. लवू जमिनीवर बसून ढसाढसा रडला आणि बहिणीनं पाठीवर ठेवलेला हात त्यानं झटकून टाकला. पुढे चार दिवस तो तिच्याशी बोलला नाही.

सुलक्षणा झेंडा परत करायला मैदानाच्या मध्यावर गेली. आता सगळं संपलं, हे तिनं स्वतःला दहादा सांगून टाकलं होतं.

"मला दिसलंच नव्हतं," श्यामकांत हळूच म्हणाला. "मधे त्यांचा तो उंच पोरगा होता. तू झेंडा उचलला नसतास, तर मी गोल दिला असता."

"माहीत आहे."

"मग का उचललास?"

"नाहीतर मला तुमच्याकडे बघता आलं नसतं."

"आणि... बघायचंय?"

"रोज," ती म्हणाली. "नुसता रविवार पुरत नाही मला."

झेंड्याची काठी दोघांच्या हातात होती. या वेळी कुणीच ओढत नव्हतं.

"ओ रेफ्री!"

अण्णांचा आवाज. रेषेवरून, नेहमीच्याच पट्टीत. दोघंही दचकली. अण्णा टोपीवरची धूळ झटकत उभे होते आणि मुद्दाम भलतीकडेच, खाडीकडे बघत होते.

"सांजेक चाय घेवक येवा. आणि चष्मो घालून येवा... आमच्या जिन्यात काळोख आसा."