निशांतक पहिल्यांदा दिसला तेव्हा

"थांबा! ...थांबा ना मॅडम, काट्यावर नका ठेवू थे!"

प्रणालीनं दचकून मागं पाहिलं. पांढुर्ण्यात सकाळपासून पावसाची झड लागलेली, वामनच्या रद्दीच्या दुकानावरचे टिनाचे पत्रे ताडताड वाजत होते, आणि दारात एक उंच, निथळता मुलगा उभा होता. तिच्या हातातल्या गठ्ठ्याकडं तो असा बघत होता, की ती जणू तान्ह्या लेकराला विहिरीत टाकायला निघाली होती.

"काहून? तुमचा हाय का हा गठ्ठा?"

"नाई... पण तुमाले मालूम हाय का, तुमी काय विकून राहिल्या?"

"कॉमिक्स. जुने. घरात उधई लागून राहिली, कागद खाऊन राहिली." तिनं तरीही गठ्ठा खाली ठेवला नाही. "तुमी कोण?"

"कुलदीप. कुलदीप घागरे. सौंसरचा." त्यानं ओले हात शर्टाला पुसले, शर्ट हातांपेक्षा जास्त ओला होता. "मी पहिल्या एंट्र्या जमा करतो."

"काय जमा करता?"

"पहिली एंट्री. मतलब... एखादा हिरो सगळ्यात आधी ज्या कॉमिक्समधी दिसला, थे कॉमिक्स. लोकाईले वाटते, हिरोच्या नावाचा पहिला नंबर निघाला, म्हणजे तोच. पण तसं नसते. बरेचदा बिचारा त्याच्याआधी दुसऱ्याच्याच गोष्टीत येऊन जाते. एखाद्या कोपऱ्यात, दोन चित्रांत. कोणाचं ध्यान बी नसते."

"मंग?"

"मंग काय..." तो थांबला. तिच्या भुवईवरून पावसाचा एक थेंब ओघळत होता, तो बघत राहिला. "मंग माणूस जिंदगीभर त्याले शोधत राह्यते."

आता रद्दीच्या दुकानात कधी कुणाचं जुळतं का, तुम्हीच सांगा! पण जुळायचं असलं की ते जागा बघत नाही. वामन तराजू घेऊन ताटकळला होता. "ताई, टाकता का काट्यावर?" त्यानं विचारलं. प्रणालीनं गठ्ठ्यावरून हात फिरवला. होळीच्या आसपास बाबा गेले होते. शालिकराम वानखडे, नगरपालिकेतले. दिवसभर नोकरी करायचे आणि संध्याकाळी घराच्या पुढल्या खोलीत पोरांना कॉमिक्स भाड्यानं द्यायचे. त्यांची ती कॉमिक्सची पेटी आईनं मन घट्ट करून काढायला सांगितली होती, आणि पोरीनं मन घट्ट करून त्यातला पहिला गठ्ठा इथवर आणला होता. दोघींनाही ते झेपत नव्हतं, पण दोघीही एकमेकींना तसं बोलल्या नव्हत्या.

"राहू द्या वामनभाऊ," ती म्हणाली. "नाई विकायचं."

कुलदीपनं तोवर तिच्या हातातून गठ्ठा घेऊन उघडला होता, आणि लगेच कपाळाला हात लावला. एकाही कॉमिक्सला मुखपृष्ठ नव्हतं. चार-चार एकत्र करून, वरून पुठ्ठा लावून, दाभणानं सुतळीत शिवलेली.

"अरे बापा! कोण्या माणसानं केलं हे पाप?"

"माह्या बाबानं."

कुलदीपचा चेहरा असा पडला, की तिला त्याची कीवच आली. त्यानं दोन्ही कान धरले. प्रणाली हसली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच हसली, आणि हसता हसता तिचे डोळे वाहायला लागले. वामननं शहाण्यासारखी पाठ फिरवली.

"कव्हर दोरीवर टांगायचे बाबा," तिनं सांगितलं. "पोट्ट्याईले दुरून दिसावं म्हणून. आन् सुटं पुस्तक फाटते, म्हणून शिवायचे."

"मंग आता यात कोणतं कुठी हाय, उकलल्याशिवाय कसं कळंन?"

"मंग उकला," ती म्हणाली. "घरी या. रविवारी."

बोलून गेली, आणि मग तिलाच लाज वाटली.

*

तो रविवारी आला. मग दर रविवारी येत राहिला. पाऊस सरला, पोळा झाला, दिवाळीही होऊन गेली. आभाळ मात्र त्या वर्षी धड उघडलंच नाही. पुढल्या खोलीत, बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोखाली सतरंजी टाकून दोघं बसायची. ती ब्लेडच्या पातीनं एकेक टाका कापायची, तो पानं सोडवायचा. आई, शांताबाई, आतून चहा आणून ठेवायची आणि फारसं न बोलता परत जायची.

कुलदीपला हवा होता निशांतक. काळा झगा, काळा मुखवटा, त्याखाली हनुवटीवर व्रण, रात्रीचा रखवालदार. त्याच्या नावाची मालिका पुष्कळ चालली, पण मुखवट्यामागचा माणूस कोण, त्याचं नाव काय, हे शेवटपर्यंत कुणालाच कळलं नाही. वाचकांनी त्यावरून वर्षानुवर्षं भांडणं केली.

"पण एक जुना माणूस मले बोलला होता," कुलदीप म्हणाला, "का पहिला नंबर निघाच्या आधी निशांतक एका भुताच्या कॉमिक्समधी येऊन गेला. कोणतं कॉमिक्स, थे मात्र त्याले याद नव्हतं. ...आयाई गं!"

जुनं दाभण पुठ्ठ्यात अडकून राहिलं होतं, ते त्याच्या बोटात घुसलं. प्रणाली पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करायची. दिवसभर लोकांचं रक्त काढायची. तिनं शांतपणे कापूस घेतला, त्याचं बोट आपल्या बोटांत दाबून धरलं.

"रक्तगट कोणता?"

"तुले कोणता पाह्यजे?"

"फालतू बोलू नको."

"फालतू नाई बोलून राहिलो. तुह्यासमोर दरवेळी रक्त काढायची गरज हाय का? तू नुसती पाहते तरी चक्कर येते मले."

"मंग पाणी पे." पण बोट तिनं सोडलं नाही. रक्त कधीचं थांबलं होतं. दोघांनाही ते ठाऊक होतं.

त्या संध्याकाळी तो गेल्यावर शांताबाई उंबऱ्यात येऊन उभी राहिली. "पोरी, पोरगा गुणाचा दिसते. पण सौंसरचे घागरे म्हणजे संत्र्याच्या बगीच्यावाले, मोठे लोक. आपण बौद्ध. त्याच्या घरी मालूम हाय का, का तो कोणाच्या घरी चहा पिऊन राहिला?"

प्रणालीनं पुढच्या रविवारी त्याला हेच विचारलं. आडपडदा ठेवणं तिच्या स्वभावातच नव्हतं. "घरी सांगतलं का, मी कोण?"

"सांगीन ना. बरोबर टाइम पाहून..."

"मले दुसरं काई नको, कुलदीप. तुह्या घरच्याईनं हो म्हणावं, हे बी नंतरचं. पण मले लपवून नको ठेवू. लपवलं, का मले वाटते मी चोरीचा माल हाय."

"तुही शप्पथ, सांगतो."

आणि मग थंडीतल्या एका ढगाळ दुपारी निशांतक सापडला. 'कोयला खदान का भूत' नावाच्या कॉमिक्समध्ये, शेवटून तिसऱ्या पानावर. खाणीच्या दवाखान्यातला एक किडकिडीत कंपाउंडर, हातात कंदील, डोळे तेच, हनुवटीवरचा व्रणही तोच. मुखवटा नव्हता. आणि खाणीतला मुकादम त्याला हाक मारत होता — "माधव! इधर आ!"

कुलदीपच्या अंगावर काटा आला. "माधव... अवो, नाव सांगतलं होतं याचं! सगळे जन्मभर भांडले आन् नाव पहिल्याच वेळी सांगतलं होतं!" त्यानं आनंदानं तिचे दोन्ही हात धरले. मग ते कॉमिक्स अलगद तिच्या मांडीवर ठेवलं. "हे तुह्या बाबाचं. मी नाई नेणार. मले... प्रणाली, माह्या घरी चालशील? आईनं बोलावलं."

"सांगतलं?"

"सांगतलं."

तिचं काळीज सुपाएवढं झालं. तिनं पुढं काही विचारलं नाही.

*

सौंसरला केसरबाई अंगणातच वाट बघत होती. ठेंगणी, गोरी, तोंडभर हसणारी बाई. "ये वं माय, ये! कवाची वाट पाहून राहिली मी!" तिनं प्रणालीचा हात धरून आत नेलं, पंखा लावला, मग थंडी आहे हे आठवून बंद केला. रघुनाथराव, कुलदीपचे वडील, खुर्चीवर बसले होते. तेही बरं बोलले. पुढ्यात पोहे आले, संत्र्याची बर्फी आली. प्रणालीला वाटलं, किती चांगली माणसं... उगाच भ्यायलो आपण. आईला घरी गेल्या गेल्या सांगायचं, असं तिनं ठरवूनही टाकलं.

"मी कुलदीपच्या फोनवर नाव पाह्यलं ना," केसरबाई सांगत होती, "प्रणाली वानखडे. म्हटलं, देवच पावला! लेकानं स्वतः शोधली, तेबी आपल्यातलीच. मंग सांग बरं माय, तुमी वानखडे आर्वीकडले का काटोलकडले?"

प्रणालीच्या हातातला चमचा थांबला.

या मुलखात आडनाव कळलं की माणूस अख्खा कळला असं लोक समजतात. पण वानखडे घागऱ्यांसारख्या कुणब्यांत असतात, तसे बौद्धांतही असतात. केसरबाईनं नाव वाचलं, आपल्या मनानं गोत जुळवलं, आणि लेकानं ते जुळू दिलं. प्रणालीनं कुलदीपकडं पाहिलं. तो खिडकीतून बगीच्याकडं बघत होता.

"आर्वीकडलेच, आई," तो घाईनं म्हणाला. "थे... बाबा नगरपालिकेत होते इच्ये."

एवढंच. प्रणालीनं मान हलवली असती तरी भागलं असतं. केसरबाई कुंकवाचा करंडा घेऊन तिच्यासमोर आली होती, तिच्या डोळ्यांत खरंखुरं कौतुक होतं. हे कौतुक हवंहवंसं वाटलं प्रणालीला. तुम्हाला खोटं कशाला सांगू? पण बाबांचं गाव, बाबांचं घर, पुढल्या खोलीतली ती फोटोंची भिंत, सगळं मिटवून बसायचं या सोफ्यावर? जन्मभर?

"काकू," ती हळू बोलली, "आमी आर्वीचे नाई. पांढुर्ण्याचेच. आमी बौद्ध आहो."

केसरबाईचा हात हवेतच राहिला. बाहेर कुठंतरी मोटर पंप सुरू होता, तेवढाच आवाज. रघुनाथरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"कुलदीप. तुले मालूम होतं?"

प्रणाली बघत राहिली. बोल ना रे... एक 'हो' म्हण. पुढचं सगळं भांडण मी तुझ्या बाजूला उभी राहून भांडीन.

कुलदीपनं बापाकडं पाहिलं, आईकडं पाहिलं. मग खाली.

"नाई," तो म्हणाला. "मले... नव्हतं मालूम."

ज्या भिंतीखाली बसून तो इतके रविवार चहा प्यायला, ती भिंत त्यानं पाहिलीच नव्हती म्हणे!

प्रणाली उठली. केसरबाईनं करंडा टेबलावर ठेवला आणि खालच्या आवाजात म्हणाली, "चहा तं पिऊन जा, पोरी." त्या बाईच्या मनात काय होतं कोण जाणे, पण आवाज कडू नव्हता. "नको काकू," प्रणाली म्हणाली. वाकून चप्पल घालताना तिला पट्टा दिसेना, इतके डोळे भरले होते.

*

बस स्टँडवर बारीक, गार भुरभुर सुरू होती. तो धापा टाकत आला. येणार, हे तिला माहीत होतं.

"प्रणाली, आयक ना... मी घाबरलो. एकदम इचारलं बाबानं... तोंडातून निघून गेलं."

तिनं ओढणीनं तोंडावरचं पाणी पुसलं.

"माह्यं प्रेम हाय तुह्यावर. खरंच. त्या रद्दीच्या दुकानापासून. तुह्याबिगर मले..."

कितीतरी रविवार ती या शब्दांची वाट बघत होती. चहाच्या कपाआडून, सुतळीच्या टाक्यांआडून. आणि आले ते असे, चिखलात, पानठेल्याच्या मागं, इकडंतिकडं बघत हलक्या आवाजात.

"थे मले मालूम होतं, कुलदीप," ती म्हणाली. "ज्याईले मालूम नव्हतं, त्याईले सांगाचं होतं."

"थोडा टाइम दे."

"तिथंच म्हणाचं होतं ना, 'बाबा, मले मालूम हाय, पण थोडा टाइम द्या.' मी थांबली असती. वर्षभर थांबली असती. तू तं मले वळखतच नाई म्हटलं."

त्यानं तिचा हात धरायला हात पुढं केला, आणि पानठेल्यावरून कुणीतरी "काय कुलदीपभाऊ!" म्हणून हाक मारली, तसा मागं घेतला. त्याचं त्यालाही कळलं नसेल. तिला कळलं.

पांढुर्ण्याची बस लागली. प्रणाली चढली, खिडकीशी बसली. शेजारची जागा रिकामी होती. तिनं बॅग मांडीवर घेतली. ती का घेतली, हे ती स्वतःलाही कबूल करणार नव्हती. कुलदीप दारापाशी आला. एक पाय पायरीवर ठेवला. ती त्या पायाकडं बघत राहिली. चढ... काही बोलू नको, फक्त चढ. आईसमोर येऊन बस, बाकी आपण बघू.

"भैया, बैठना है क्या?" कंडक्टरनं विचारलं. "गाड़ी छूट रही है."

कुलदीपनं तिच्याकडं पाहिलं. मग मागं, पानठेल्याकडं.

पाय खाली घेतला.

"नहीं," तो म्हणाला. "मैं तो बस छोड़ने आया था."

दार लागलं, बस हलली. तो काचेतून काहीतरी बोलत होता, पावसात ऐकू येत नव्हतं. प्रणालीनं मांडीवरची बॅग उचलून शेजारच्या जागेवर ठेवली.

"कहाँ, मैडम?"

"पांढुर्णा," ती म्हणाली. "एक."

कंडक्टरनं तिकीट दिलं आणि तो पुढं गेला. मग ती ओढणी तोंडाशी न धरता, सगळ्यांदेखत, हमसून हमसून रडली.