मंछीबांची किटली

"फाटलं! फाटलं! अख्खं दूध फाटलं!"

टीनो दूधमंडळीकडून, म्हणजे गावच्या सहकारी डेअरीकडून, धापा टाकत आला, तेव्हा कोकिला आणि निमेश अंगणात न उडालेल्या लवंग्या वेचत होते. निमेश दिवाळीच्या सुट्टीत अहमदाबादहून मामाकडे देवपुऱ्याला यायचा. कोकिला त्याची मामेबहीण आणि टीनो तिचा धाकटा भाऊ.

"नीट सांग की, गाढवा!" कोकिला म्हणाली.

"नटुभाई सेक्रेटरींनी मंडळीतल्या कॅनमधलं दूध चहाला ठेवलं, तर भांड्यात नुसते गोळे! आणि नाव घेतात मंछीबांचं!"

लवंग्या तिथंच टाकून तिघंही पळाली. मंडळीच्या ओट्यापुढे बायका किटल्या घेऊन घोळक्यानं उभ्या होत्या. मधोमध म्हाताऱ्या मंछीबा एकट्याच; सारा गाव त्यांना 'बा', म्हणजे आई, म्हणायचा.

"सगळ्या गावाला माहीत आहे, बा!" नटुभाई गरजत होते. "त्याच किटलीतून पोरांना ताक वाटता आणि त्याच किटलीत दूध आणता! त्या ताकानंच घात केला!"

"राखेनं घासून, उन्हात वाळवून आणते रे, भाई."

"संध्याकाळी पंचांसमोर ठरवू," मंडळीचे प्रमुख अंबालालकाका मिशीवर हात फिरवत म्हणाले. "तोवर बांचं दूध घ्यायचं नाही. कदाचित कायमचंच!"

"एकच म्हैस आहे माझी. तिचं दूध नेऊ कुठं?" मंछीबांनी विचारलं. त्या पदर सावरून निघून गेल्या.

तिन्ही पोरांच्या माना खाली गेल्या. ताक पीत होतं कोण? तीच तर! आता ही तिघं चांगली मोठी झाली आहेत, पण अजूनही भेटली की त्या ताकाचीच गोष्ट काढतात. थंडीतली सकाळ, मंछीबांच्या दारातली कोवळी उन्हं, वर जिऱ्याची भुकटी आणि "अजून घे रे, वाळलास की शहरात!" असं म्हणणाऱ्या बा. तसं ताक पुन्हा कुठंच मिळालं नाही.

कोकिलानं मात्र मान वर केली. चुलीवरच्या पातेल्यातला एक गोळा उचलून तिनं तोंडात टाकला.

"शी!" निमेश ओरडला.

"शी काय? चाखून बघ! ताकानं फाटलं असतं तर आंबट लागलं असतं. हे गोड आहे. अगदी खरवसासारखं!" तिचे डोळे चमकले. "निम्या, कॅनमध्ये चीक पडलाय!"

"म्हणजे?"

"अरे, म्हैस व्याली की पहिले काही दिवस येतं ते पिवळट, दाट दूध. तापवलं की थिजतं. ते मंडळीत घालायचंच नसतं! पारडूनं प्यायचं, आणि उरेल त्याचा खरवस आळीभर वाटायचा."

"मग इतक्यात कोणाकडून आला खरवस?"

तिघं एकमेकांकडे बघत राहिली. कोणाकडूनच नाही! म्हैस व्याली आणि खरवस वाटला नाही, असं देवपुऱ्यात कधी होत नसे!

"कोणीतरी म्हैस व्यालेली लपवतंय," निमेश म्हणाला. "घरोघर जाऊन बघूया."

"आणि कारण काय सांगायचं?"

"कारण कशाला? दिवाळी सरली, नवं वर्ष लागलंय! 'साल मुबारक' म्हणायचं, पाया पडायचं आणि गोठ्यात डोकवायचं!"

दुपारपर्यंत पोरांनी अर्ध्या गावाच्या पाया पडून घेतलं. टीनोचे खिसे घुघऱ्यांनी, म्हणजे तिकडच्या करंज्यांनी, फुगले, पण नवं पारडू कुठं दिसेना. शेवटी अंबालालकाकांचं घर आलं. परसात चुलीवर भलंमोठं पातेलं रटरटत होतं. बाजरी, गूळ आणि बाळंतशेपांचा घमघमाट सुटला होता.

"साल मुबारक, सविताकाकी! एवढं कोणासाठी?"

"अं? पाहुणे यायचेत!" काकी गडबडीनं म्हणाल्या. "पळा आता!"

"पाहुण्यांना बाळंतशेपा?" बाहेर येताच कोकिला कुजबुजली. "हा तर व्यालेल्या म्हशीचा खुराक!"

थोड्या वेळानं काकी पातेलं डोक्यावर घेऊन शेताकडे निघाल्या. पोरं एरंडाच्या आडून मागोमाग. काकी खोपीतून परत फिरल्या तशी तिघं आत घुसली. आत काळीभोर म्हैस रवंथ करत होती, आणि तिच्या पायाशी गळ्यात काळा दोरा बांधलेली एवढीशी पारडी! टीनोनं हात पुढं केला, तशी ती त्याची बोटं चोखायला लागली.

"कसली गोड आहे गं!"

एवढ्यात बाहेर पावलं वाजली. तिघांनी कडब्यात बुडी मारली. काकांचा गडी आला, धार काढून किटली भरली आणि निघून गेला. टीनोला शिंक आली, ती त्यानं घुघरा तोंडात कोंबून थोपवली!

"चला, पंचांना सांगू!" निमेश म्हणाला.

"प्रमुखांपुढं आपलं कोण ऐकणार? म्हणतील, म्हैस कधीच व्याली, चीक संपला," कोकिला म्हणाली. "पण दूध खोटं बोलत नाही!"

संध्याकाळी सगळा गाव ओट्यापुढे जमला. मंछीबा रिकाम्या हातांनी कोपऱ्यात बसल्या होत्या. नटुभाई घसा खाकरतात तोच कोकिला पुढं झाली.

"काका, आज प्रत्येकाचं दूध इथंच तापवून बघा ना! बांचं तर आज नाहीच. कोणाचंच फाटलं नाही, तर बा दोषी!"

"मोठी आली वकीलीण!" नटुभाई हसले. "आणि प्रमुखांचंही तापवू की काय? त्यांच्या किटलीचं तर मी झाकणसुद्धा उघडत नाही!"

लोक हसले. काका मात्र ताठ झाले. "का नाही? आधी माझंच तापवा!"

चुलीवर पातेलं चढलं. बघता बघता दूध थबकलं, घट्ट झालं आणि थरथरत जागच्या जागी थिजलं!

सगळे वाकून पातेल्यात बघू लागले.

"काका, वेलची घालू?" टीनोनं विचारलं.

काकांचा चेहरा पडला. "सविता! हे काय?"

काकी रडायलाच लागल्या. "मागच्या वेताला सगळा गाव बघून गेला आणि पारडी दगावली. या वेळी नजर लागू नये म्हणून लपवली. खरवस वाटला असता तर सगळ्यांना कळलं असतं. आणि दूध ओतून द्यायचं म्हणजे पाप! म्हणून दुसऱ्या म्हशीच्या दुधात मिसळलं. थोडं तर आहे, कोणाला कळतंय, असं वाटलं."

"पारडी लपवायला मीच सांगितलं होतं," काका खाली बघत म्हणाले. "पण दुधाचं मला ठाऊक नव्हतं. आणि नटु, तू झाकण उघडलं असतंस तर रंगावरूनच कळलं असतं!" त्यांनी टोपी काढली आणि मंछीबांपुढे वाकले. "बा, चुकलो. तुमचं दूध उद्यापासून सगळ्यांत आधी."

पंचांतले म्हातारे जेठाबापा पोरांच्या पाठी थोपटत म्हणाले, "आम्ही आरडाओरडा केला, या लेकरांनी चव घेऊन बघितली! शाबास!"

मंछीबा मात्र काकींकडे बघत होत्या. "सविता, विधवेची नजर वाईट म्हणतात. माझ्यापासूनच लपवलीस ना गं?"

काकींनी डोळे पुसून मंछीबांचा हात धरला. "चला बा, आधी तुम्हीच बघा."

सगळे शेतावर गेले. मंछीबा पारडीजवळ बसल्या. तिच्या पाठीवरून, कानांवरून हात फिरवत राहिल्या. काकींनी वाकून पारडीच्या गळ्यातला काळा दोरा सोडला.

"बा, नाव तुम्हीच ठेवा," त्या म्हणाल्या.