ओट्याची उंची

माणसाच्या हृदयाएवढं विशाल घर या पृथ्वीतलावर आजवर कुणी बांधलेलं नाही. हे वाक्य केरळातल्या मावेलिक्करामधल्या एका फरशीवाल्याच्या कॅलेंडरवर छापलेलं होतं आणि त्याच्याखाली बाथरूमच्या टाइल्सची चित्रं होती. कॅलेंडर अंबिलीच्या खुर्चीमागे टांगलेलं असे. अंबिली घरांचे नकाशे काढायची. हृदयाचा नकाशा घेऊन तिच्याकडे अजून कुणी आलेलं नव्हतं, येणारे सगळे मेहुण्याच्या घराचा फोटो घेऊन यायचे आणि म्हणायचे, “असंच, फक्त थोडं मोठं.”

तुलाम महिन्यातला, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरचा, पाऊस दुपारी येतो आणि येण्याआधी लाइट घालवतो. त्या दुपारी लाइट गेली, खालचं झेरॉक्सचं दुकान बंद पडलं, आणि तिथे आलेला एक उंच, सावळा माणूस भिजू नये म्हणून जिना चढून वर आला. दारातच थांबला. त्याच्या छत्रीतून पाणी गळत होतं आणि ते कुठे गळू द्यावं हे त्याला कळत नव्हतं.

“लाइट कधी येईल?”

“पाऊस गेला की.”

“आणि पाऊस कधी जाईल?”

“लाइट आली की,” अंबिली म्हणाली. तो हसला. तिनं छत्रीसाठी बादली पुढे सरकवली.

बसल्या बसल्या तो टेबलावरचा नकाशा उलटा वाचू लागला. “एवढ्या घरात राहतं कोण?”

“कुणी नाही. मालक कुवेतला, मुलं कॅनडाला. खाली म्हातारी असते. तिचे गुडघे गेलेत, जिना चढवत नाही.”

“मग वरचा मजला?”

“रस्त्यावरून दिसतो ना...”

घर पाहावं बांधून, असं म्हणतात. आमच्याकडे बांधून झाल्यावर पाहायला कुणी नसतं.

त्याचं नाव प्रशोभ. कतारमध्ये, दोह्याला एसी दुरुस्त करायचा. लांब सुट्टी काढून घर बांधायलाच आला होता.

“मॅडम, मला लहान घर हवंय.”

अंबिलीच्या हातातली पेन्सिल थांबली. या खुर्चीत बसून तिनं हे वाक्य कधी ऐकलं नव्हतं. “किती लहान?”

“एवढं, की ते बांधल्यावर मला परत जावं लागू नये.” तो खिडकीबाहेर बघत बोलत होता. “साठवलंय त्यात लहान घर होईल, आणि बाजारात एसी-फ्रिज दुरुस्तीचं एक दुकान. त्यापेक्षा एक खोली जरी वाढली, तरी... तरी मी पुन्हा विमानात.”

लाइट आली. दोघांनाही ती जरा लवकरच आल्यासारखं वाटलं.

त्यानंतर प्रशोभ वरचेवर येऊ लागला. नकाशात बदल सुचवायला येतो, असं तो म्हणे. बदल असा असे, की दार डावीकडे असावं का उजवीकडे. आणि दुसऱ्या दिवशी, की नाही, डावीकडेच बरं होतं. ‘मॅडम’ची ‘अंबिली’ कधी झाली आणि ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, ते नकाशात नोंदवलेलं नाही. अंबिलीनं मात्र त्याला एकदा चुकून ‘प्रशोभ चेट्टा’ म्हटलं, आमच्याकडे बायका नवऱ्यालाही चेट्टाच म्हणतात, आणि मग पट्टी शोधत बसली. पट्टी हातातच होती.

“तीन खोल्या,” ती म्हणाली. “एक तुझ्या अच्छन-अम्मांची. एक तुझी. तिसरी कशाला?”

“तिसरीचं नंतर बघू. आधी दुसरीत माणसं किती, ते ठरू दे.”

“ते ठरवणं आर्किटेक्टच्या कामात येत नाही.”

“मग कुणाच्या कामात येतं? सांग, तिच्याकडे जातो.”

अंबिलीनं खोडरबर घेतलं आणि काहीही नसलेला कागद खोडू लागली.

एके दिवशी तो स्वयंपाकघराच्या नकाशावर वाकला आणि बराच वेळ वाकूनच राहिला. “हा ओटा उंच आहे.”

“बरोबर आहे की.”

“माझी अम्मा तुझ्या खांद्याला लागेल. तिला या ओट्यावर चहा करायचा तर पाट घ्यावा लागेल.” मग त्यानं वर बघितलं. “अंबिली, हा ओटा कुणाच्या उंचीचा आहे?”

बाहेर गडगडलं. अंबिली लाल झाली. नकाशात चूक सापडल्यामुळे झाली, असं तिनं स्वतःला सांगितलं.

“बदलते.”

“बदलू नकोस,” तो हळूच म्हणाला. “अम्मासाठी पाट आणीन.”

आता खरं तर गोष्ट इथेच संपायला हवी होती. पण घर कागदावर संपत नाही. ते जमिनीवर आखावं लागतं.

आखणीच्या दिवशी आभाळ सकाळपासूनच भरून आलं होतं. गोपालन आशारींनी, म्हणजे वास्तूची मापं बघणाऱ्या सुतारांनी, खुंट्या ठोकल्या, सुतळ्या ताणल्या. आता हे जगातल्या कुठल्याही घराचं आहे: कागदावर महाल असो, उघड्या जमिनीवर सुतळीत तो शेळ्यांच्या गोठ्याएवढा दिसतो. वर आभाळ असतं ना. आभाळाशेजारी कुठलीही खोली लहानच. अंबिलीनं हे सगळ्यांना आधीच बजावलं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.

प्रशोभची आई, सरसम्मा, सुतळ्यांच्या मधोमध उभी राहिली. तिनं दोन्ही हात पसरले. मग तिनं डोळ्याला पदर लावला.

“मोने, बाळा, यात माझी खाट मावेल का रे? का मी उभ्यानं झोपायचं?”

“अम्मा, भिंती आल्या की मोठं दिसतं,” अंबिली म्हणाली.

“भिंती आल्यावर मोठं कसं दिसेल गं पोरी, मोळे? भिंती तर आत येतात!”

प्रशोभचे वडील शिवराम कुरुप शांत होते. ते सुतळीकडे बघतच नव्हते. ते रस्त्यापलीकडे बघत होते, जिथे त्यांच्या जावयाचं घर होतं. त्या घराला चार खांब होते आणि खांबांवर सिंह होते.

“एक खोली वाढवा,” ते म्हणाले.

गोपालन आशारींनी मापाची काठी टेकवली, बोटं मोजली, पुटपुटले. आमच्याकडे घराच्या परिघाला माणसासारखं वय असतं. बाल्य, कौमार्य, यौवन, वार्धक्य आणि मरण. अंबिलीनं आपलं लहानसं घर बरोबर यौवनात बसवलेलं होतं.

“एक खोली वाढवली की मरणात जातं, कुरुपच्छा.”

“मग?”

“मग आहे तेच राहू दे,” अंबिली पटकन म्हणाली. “आहे तेच उत्तम आहे.”

“किंवा आणखी वाढवा,” आशारी म्हणाले. त्यांचा कुणावर राग नव्हता. विचारलं तेवढं सांगत होते. “म्हणजे मरणानंतर पुन्हा बाल्य लागतं. तेही शुभच.”

“तीस वर्षांचा बाप्या बाल्यात राहायला जाणार?” कुरुप म्हणाले. “लोक काय म्हणतील? पुढे चला. यौवनापर्यंत चला!”

आशारी पुढे चालले. खुंट्या त्यांच्यामागे चालल्या. बाल्यात बैठकीची खोली मोठी झाली, कौमार्यात चार खांब आले, आणि यौवन गाठेपर्यंत सुतळी फणसाच्या झाडाला टेकली होती आणि बोलता बोलता वर एक मजलाही चढलेला होता. सरसम्मानं पुन्हा हात पसरले. या वेळी ती रडली नाही.

अंबिलीनं प्रशोभकडे पाहिलं. त्यानं नुसतं ‘नको’ म्हणायचं होतं. त्याचे ओठ हलले, तिला दिसले. मग त्यानं आईच्या पसरलेल्या हातांकडे पाहिलं.

“अच्छन म्हणतात तसं करू,” तो म्हणाला.

पाऊस आला. सगळे पळाले. ती दोघं आधीच्या लहान घराच्या स्वयंपाकघराच्या सुतळीत उभी राहिली, एका छत्रीखाली, आणि ते स्वयंपाकघर दोघांना अगदी पुरेसं होतं.

“बोललास का नाही?”

“ते आयुष्यभर भाड्याच्या घरात राहिले गं. आणि अम्मा रडत होती...”

“मीही रडू शकले असते. मला कुणी सांगितलं नाही, की त्यावर घराचं माप ठरतं.”

त्यानं छत्री तिच्या बाजूला कलती केली. मग म्हणाला, “मला तू आवडतेस. हे आधी सांगायला हवं होतं.”

“कधी?”

“घर लहान होतं तेव्हा.”

छत्रीच्या कडेवरून पाणी सरळ रेषेत पडत होतं, आखल्यासारखं.

“थांबशील?” त्यानं विचारलं.

“कुठवर?”

“घर होईपर्यंत.”

“घर झालं की फरशी असते, चेट्टा. फरशी झाली की सागवानी जिना असतो. मग कुंपणाची भिंत...” ती बोटांवर मोजत होती. “मी घरं बांधते. मला माहितीये.”

“तरी?”

सुतळी भिजून ढिली पडली होती. तिनं वाकून, उगाचच, ती पुन्हा ताणून बांधली.

“ओटा मात्र तोच राहील,” ती म्हणाली. “त्याला हात लावायचा नाही.”

मोठ्या घराचा नकाशाही तिनंच काढला. त्याचा एकेक मजला प्रशोभ परत दोह्याला जाऊन तिथून पाठवत राहिला. घर उभं राहिलं, प्रशोभ सुट्टीवर आला, गृहप्रवेशाला नव्या चुलीवर दूध उतू गेलं, आणि त्याच आठवड्यात त्याच अंगणात दोघांचं लग्न झालं. गाव जेवलं, जावई खांब मोजून गेला. सुट्टी संपली तशी प्रशोभ बॅग घेऊन निघाला. जिन्याचे पैसे फिटायचे होते. फाटकाशी त्यानं तिच्या कपाळावरची बट मागे सारली. “लवकर येतो...” एवढंच म्हणाला, आणि गाडी फणसामागे दिसेनाशी झाली.

दोह्यात तो चौघांबरोबर एका खोलीत राहतो. कामावरून आला की खाटेवर पडून फोन करतो.

“आत्ता कुठल्या खोलीत आहेस?”

“ओळख.”

“ओट्यापाशी.”

“कसं ओळखलंस?”

“दुसरीकडे कुठे असणार... अम्मा?”

“पाटावर बसल्या आहेत. भाजी निवडतायत.”

वरचा मजला बंद असतो. सरसम्माचे गुडघे गेले आहेत, कुरुपना आता रस्त्यापलीकडचं नीट दिसत नाही. अंबिली महिन्यातून एकदा वर जाते, खिडक्या उघडते, झाडते, खिडक्या लावते.

ठरावीक क्षेत्रफळाच्या वर घर गेलं, की आमच्याकडे सरकार ऐशआराम कर घेतं. तो दरवर्षी गावच्या कचेरीत जाऊन भरावा लागतो. अंबिली भरते.