गाडीखालचा पुठ्ठा

"गेलं! गेलं गाडीखाली!"

"तू मारलंस, तूच काढ!"

"माझा हात पोचतो का तिथवर?"

खाली अंगणात बहीणभावाची जुंपली होती. दोघं तळमजल्यावर राहायची. बहीण बारा वर्षांची. तिच्या तोंडाचा पट्टा असा सुटायचा, की सगळी इमारत तिला लवंगी म्हणायची. भाऊ वर्षानं धाकटा, पण भेटेल त्याची उलटतपासणी घ्यायचा, म्हणून तो हवालदार.

तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून अबोली बघत होती. आठ दिवस ती फक्त बघतच होती. आईबाबा दुसऱ्या गावी नवं घर लावत होते, तोवर तिला आत्याकडे ठेवलं होतं. सुट्टीनंतर शाळाही नवी. जुन्या मैत्रिणीचे पहिले दोन दिवस फोन आले, मग तेही थांबले. आत्या जनावरांची डॉक्टर. दुपारी दमून यायची, "काय गं अबोली, जेवलीस ना?" म्हणायची, आणि उत्तर ऐकायच्या आत फोनवर कुणाच्या तरी म्हशीचा ताप विचारू लागायची.

आज त्यांचं बॅडमिंटनचं शटल नेमकं आत्याच्या गाडीखाली गेलं होतं. अबोलीनं झाडू उचलला आणि जिना उतरली.

"हा... हा घ्या," ती कशीबशी म्हणाली.

"अरे वा! ही बोलते!" लवंगी ओरडली.

हवालदारानं झाडूच्या दांड्यानं शटल ओढलं आणि नाक मुरडलं. "शी! तेलात बुडालंय!"

अबोलीनं ते हातात घेतलं. पिसांवरून मधासारखं पिवळसर काहीतरी ओघळत होतं. "हे इंजिनचं ऑइल आहे. अगदी नवं. कालच गॅरेजमध्ये ऑइल आणि फिल्टर बदललाय."

"मग गळतंय का?" हवालदारानं चौकशी सुरू केली.

अबोलीच्या हाकेनं आत्या खाली आली आणि तिनं लगेच गॅरेजच्या मिस्त्रींना फोन लावला. पलीकडून मोठ्यानं हसल्याचा आवाज आला. "डॉक्टरीणबाई, फिल्टर काढताना थोडं सांडतंच! तेच ठिबकत असेल. दोन दिवसांत थांबेल."

"ऐकलंत?" आत्या म्हणाली. "उद्या पहाटे मला डोंगरापलीकडच्या गोठ्यावर जायचंय. पहिलटकर गाय व्यायला आलीय, अडली तर मी जवळ हवी. उगीच घाबरवू नका मला."

ती वर गेली. तिघं एकमेकांकडे बघत राहिली.

"सांडलेलं आणि गळणारं, ओळखायचं कसं?" लवंगीनं विचारलं.

अबोलीनं जरा विचार केला. "आधी जमीन पुसून घेऊ. मग खाली कोरा पुठ्ठा सरकवू. सांडलेलं असेल तर हळूहळू थांबेल. गळत असेल तर..."

"तर पकडला चोर!" हवालदारानं टाळी दिली.

लवंगीनं घरून रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा आणला. तो दांड्यानं गाडीखाली ढकलला, गाडी हलली तर कळावं म्हणून चाकांभोवती खडूनं खुणा केल्या आणि तिघं पायरीवर बसली. पाऊण तास झाला. पुठ्ठा कोराच!

"मिस्त्री खरं बोलत होते," हवालदार हिरमुसून म्हणाला.

तेवढ्यात आतून जेवायची हाक आली. दोघं धावत गेली. दार लागलं. आतून ताटं मांडल्याचा, हसल्याचा आवाज आला. अबोली पायरीवर एकटी राहिली. वर जाऊन करायचं तरी काय? घड्याळाची टिकटिक ऐकायची? तिनं बोटानं खडूची रेघ पुसली, पुन्हा काढली. आपण चुकलो, आता ही दोघं उद्या हाकही मारणार नाहीत, असं वाटून तिचे डोळे भरून आले.

आत्या पिशवी घेऊन खाली आली. औषधं आणायला जायचं होतं. तिनं गाडी सुरू केली, तोच फोन वाजला. इंजिन घरघरत ठेवून ती बोलत बसली. अबोलीनं सवयीनं वाकून पाहिलं.

टप. टप. टप-टप-टप!

"आत्या! बंद कर! गाडी बंद कर!"

ती इतक्या जोरात ओरडली, की तळमजल्याचं दार उघडून लवंगी आणि हवालदार घास चावतच बाहेर आले. पुठ्ठ्यावर हाताएवढा डाग पसरला होता.

"गाडी बंद असली की गळत नाही," अबोली भराभर बोलू लागली. "इंजिन चालू झालं की आत जोर येतो, तेव्हाच गळतं! म्हणून मघाशी पुठ्ठा कोरा राहिला!"

आत्यानं बॉनेट उघडलं. थोडं थांबून ऑइल मापायची पट्टी काढून पुसली, पुन्हा बुडवली. पट्टी खालच्या खुणेच्याही खाली ओली होती. आत्याचा चेहरा उतरला. "काल वरपर्यंत भरून दिलं होतं."

गॅरेज रस्त्याच्या टोकालाच होतं. चौघं चालत गेली. मिस्त्री चाकाचे नट आवळत होते, कान आणि खांद्यात फोन धरून.

"पुन्हा तेच? पोरांचं काय ऐकता!" आत्यानं पुठ्ठ्याचं सांगताच ते म्हणाले.

"काका, नवा फिल्टर दाखवाल?" अबोलीनं विचारलं.

मिस्त्रींनी कुरकुरत खोक्यातून एक काढला. डब्यासारखा फिल्टर, आणि तोंडाशी काळी रबरी रिंग.

"ही कशाला?"

"हिच्यामुळेच ऑइल अडतं, बाळ. नव्या फिल्टरबरोबर नवी येते."

"आणि आत्याच्या गाडीचा जुना?"

"तो काय, पिंपात. सगळ्यात वरचा."

अबोलीनं तो उचलला. हात काळे झाले. तिनं फिल्टरचं तोंड आपल्याकडे वळवलं आणि कडेवरून बोट फिरवलं.

"काय झालं?" लवंगी कुजबुजली.

"याला रिंगच नाहीये."

"पडली असेल पिंपात," मिस्त्री म्हणाले. हवालदारानं बाह्या सरसावल्या आणि पिंप तळापर्यंत उपसलं. रिंग नव्हती!

"मग ती अजून इंजिनलाच चिकटलीय," अबोली म्हणाली. "आणि तुम्ही नवा फिल्टर तिच्यावरच बसवलात."

मिस्त्रींचा हात थांबला. त्यांनी फोन बंद करून खिशात टाकला आणि हत्यारांची पेटी उचलली.

अर्ध्या तासानं, अंगणात गाडीखालून बाहेर येताना त्यांच्या तळहातावर दोन रिंगा होत्या. एक नवी, एक जुनी, एकमेकींना दाबून वेड्यावाकड्या झालेल्या.

"काल फोनवर बोलता बोलता फिल्टर बसवला होता," ते खाली मान घालून म्हणाले. "घाटात सगळं ऑइल गेलं असतं, तर इंजिन जागेवर जाम झालं असतं. पोरी, तीस वर्षं हे काम करतोय मी. आज तुझ्यासमोर मान खाली गेली, आणि ते बरंच झालं."

नवा फिल्टर बसला, ऑइल भरलं, दहा मिनिटं इंजिन चाललं. मिस्त्रींनी स्वतः खाली नवा पुठ्ठा ठेवला होता. तो कोरडा राहिला.

"वाचलो!" लवंगीनं अबोलीच्या पाठीत धपाटा घातला. अबोलीला तो फार आवडला.

घरी जिना चढताना आत्या मध्येच थांबली. "दिवसभर तू एकटी काय करतेस गं?"

"काही नाही. गॅलरीत उभी असते."

आत्यानं तिचा ऑइलनं काळा झालेला हात हातात घेतला. मग म्हणाली, "उद्या माझ्याबरोबर चल. त्या दोघांच्या आईलाही विचारते."

पण दोघांना सकाळी मामाकडे जायचं होतं. गाडीची मागची सीट रिकामीच राहिली. घाटातल्या प्रत्येक वळणावर अबोलीला वाटत होतं, आत्ता लवंगी काय बोलली असती?

दोघी गोठ्यावर पोचल्या तेव्हा उजाडलं होतं. गाय कण्हत होती. तासाभरानं वासरू बाहेर आलं, ओलं आणि थरथरणारं. आत्यानं कोरडं पोतं अबोलीच्या हातात दिलं. "पूस त्याला. जोरात घास, म्हणजे ऊब येईल."

"ही कोण?" गोठ्याच्या म्हाताऱ्या मालकीणबाईंनी विचारलं.

"माझी भाची," आत्या म्हणाली. "ही नसती, तर आज मी वेळेवर पोचलेच नसते. माझं लक्ष नव्हतं, हिचं होतं."

"अस्सं! केलंस तरी काय गं?"

अबोलीनं वासराची पाठ घासत सांगायला सुरुवात केली. आत्याचा फोन वाजला. आत्यानं तो न बघताच बंद केला आणि ऐकायला खाली गवतावर बसली.