हाकेला ओ

सेकंडहँड इलेक्ट्रिक गिटार खरी की खोटी, हे मी दहा मिनिटांत सांगते. फुशारकी समजा हवी तर. नारायणगावच्या स्टँडमागे माझं दुरुस्तीचं दुकान आहे. तमाशाच्या फडांचे ॲम्प्लिफायर, ऑर्केस्ट्रावाल्यांचे कीबोर्ड, लग्नाच्या बँडचे कर्णे, सगळं माझ्या टेबलावरून जातं. मोबाइलवर फोटो बघून गिटार घेणारी पोरं घ्यायच्या आधी माझ्याकडे येत नाहीत, घेतल्यावर येतात आणि तोंड पाडून परत जातात. वर बड्या परदेशी कंपनीचं नाव झळकत असतं आणि मानेचे चार स्क्रू काढले की आतून प्लायवूड निघतं. म्हणून नाव मी बघतच नाही. नाव कुणीही चिकटवतं. मी आत बघते.

त्यामुळे सोनबा दुकानात येऊन "समृद्धीताई, एक गिटार वळखायचीय," म्हणाले, तेव्हा मी हातातलं काम थांबवलंसुद्धा नाही.

"आणा की इकडे."

"मालकीण घराबाहेर काढू देत न्हाई. तुमालाच यावं लागंल, घाटघरच्या रस्त्याला."

तेव्हा मी मान वर करून त्यांच्याकडे नीट पाहिलं. सोनबा म्हणजे सोमनाथचे वडील. एके काळी दोनशे मेंढरं घेऊन घाट उतरणारा माणूस, आता थोडी शेती आणि वीसेक मेंढरं. सोमनाथ त्यांचा एकुलता एक. जन्मापासून मुका, पण कान असे तिखट की माझ्या दुकानात रेडिओ जरा बेसूर वाजला तरी कपाळाला आठी पडायची. जत्रांच्या हंगामात ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. चार वर्षांपूर्वी गिटार पाठीला अडकवून नाणेघाटाच्या पठारावर गेला, नेहमीसारखाच, आणि परत आला नाही. दऱ्या शोधल्या, पोलीस झाले, काही मिळालं नाही.

सोनबांनी सगळं सांगितलं. बेल्ह्याच्या बाजारात बोकड विकायला गेले होते, तिथं जुनापाना माल विकणाऱ्याकडे त्यांना गिटार दिसली. घाटाखालच्या कुणीतरी आणून दिली, एवढंच त्या माणसाला ठाऊक. सोनबा म्हणत होते ही सोमाचीच. बायको बानूबाई म्हणत होती, नाही. सोमाचा गिटारवर असा जीव की जिवंत असताना तो ती हातातून सोडणार नाही, हे दोघांनाही मान्य होतं. म्हणजे गिटार त्याची निघाली, तर पोरगा गेला. मग दर्भाचा पुतळा करून त्याची क्रिया करायची, त्याला मोकळं करायचं. नाही निघाली, तर बानूबाई पुढेही रोज तिन्ही ताटं वाढणार.

"तुमी एकदा सांगितलं की तिला पटंल," सोनबा म्हणाले. "मला तिचं वाट बघणं बघवत न्हाई."

आता खरं सांगते, मला त्यात अवघड काहीच वाटलं नाही. पाच वर्षांपूर्वी त्या गिटारचा पिकअप मीच भरला होता. पिकअप म्हणजे तारांखालचं चुंबक आणि त्याभोवती केसासारख्या तारेचे हजारो वेढे. तार थरथरली की तो ओळखतो. मी डावखुरी, त्यामुळे माझे वेढे उलटे पडतात. शिवाय त्या दिवशी गुंडाळायची पट्टी संपली होती, म्हणून शेजारच्या टेलरकडची हिरवी फीत लावली होती. हे कुणाला नक्कल करायचं म्हटलं तरी जमणार नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्कूटीवर निघाले. डिकीत स्क्रू ड्रायव्हर, मीटर आणि बॅटरीवर चालणारा छोटा ॲम्प. जुन्नर मागे पडलं, रस्ता चढायला लागला. तिकडे थंडीच्या दिवसांत डोंगराची सावली फार लवकर वस्तीवर येते. मी पोचले तेव्हा समोरच्या माळावर लख्ख ऊन होतं आणि सोनबांचं घर तेवढं गार पडलेलं. दारापुढे काट्यांच्या वाड्यात मेंढरं रवंथ करत बसली होती. घरात चूल, लेंड्या आणि लोकर यांचा वास.

गिटार घोंगडीवर आडवी ठेवली होती. शेजारी बानूबाई, एक हात गिटारवर, निजलेल्या पोराच्या अंगावर ठेवतात तसा.

"ये बाई," ती म्हणाली. "तूबी बघ. हे रोज बघत्यात."

सोनबांनी मला गिटारच्या डोक्याची कड दाखवली. शेजारी शेजारी दोन बारीक खाचा होत्या. "ही आमच्या मेंढराच्या कानाची खूण. डाव्या कानाला दोन कातरे. सोमानं हौसंनं हितंबी पाडल्या व्हत्या."

"चोरबी कान कातरत्यात," बानूबाई शांतपणे म्हणाली. "दुसऱ्याच्या मेंढराला आपली खूण पाडत्यात. मेंढरू वळखायचं तर कान बघायचा नसतो, हाक मारायची. आपलं आसलं तर वर बघतं."

"मावशी, आधी मी माझ्या पद्धतीनं बघते," मी म्हणाले. "मग तुम्ही हाक मारा."

तारा सैल केल्या. वरच्या पत्र्याचे स्क्रू गंजले होते, पण निघाले. पत्रा उचलल्याबरोबर आतून वास आला, भिजलेल्या लोकरीचा. घरात सगळीकडेच लोकर, मी तिकडे लक्ष दिलं नाही. पिकअप बाहेर काढला. मी त्यात भरलेलं मेण नावालाही उरलं नव्हतं, उन्हात पडून वितळून गेलं असणार. पण फीत होती. हिरवी. वेढे उलटे. मीटर लावला, आकडा माझ्या वहीतल्याशी जुळला.

"सोमनाथचीच," मी म्हणाले. "शंभर टक्के."

दुकानात पोरांना सांगते त्याच सुरात. शब्द तोंडातून गेले आणि मग मला कळलं की मी काय सांगितलं. सोनबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. बानूबाईच्या डोळ्यांत टिपूस आलं नाही, ती फक्त गिटारकडे बघत राहिली. मला स्वतःचीच लाज वाटली. एवढी घाई कशाची होती मला?

मी हात चालू ठेवले. पिकअप परत बसवला, तारा ताणल्या, ॲम्प जोडला. बोटाने पत्र्यावर टिचकी मारली. ॲम्पमधून मोठ्याने टक् आलं.

"हे काय?" बानूबाईने विचारलं.

"मेण गेलंय ना, त्यानं असं होतं. मेण असलं की आतले वेढे घट्ट बसतात, फक्त तारांचा आवाज येतो. मेण गेलं की ते मोकळे हलतात, मग बाहेरचा खडखडाटसुद्धा पकडतात. जवळ कुणी बोललं तरी आवाज येतो. आमच्यात म्हणतात, पिकअपला कान आले."

"म्हंजी आता त्याला ऐकाया येतं?"

"पिकअपला येतं, मावशी."

"त्येच म्हंती मी." ती सावरून बसली. "तुमचं वळखून झालं. आता मी हाक मारती."

सोनबांनी माझ्याकडे बघून मान हलवली. मारू दे, अशा अर्थाने. मला वाटलं, बरंच झालं. आईने एकदा मोकळेपणी हाक मारावी, रडावं, आणि उठावं.

बानूबाई गिटारवर वाकली आणि तिने हाक दिली. या डोंगरातून त्या डोंगरावर पोचणारी, लांब ओढलेली हाक.

"सोमाऽऽऽ"

ॲम्पमधून तिचाच आवाज दुपटीने उमटला. सगळ्या तारा आपोआप गुणगुणल्या आणि हळूहळू निवल्या.

"बघा," ती म्हणाली. "वर बघितलं."

"तारा आवाजानं थरथरतात, मावशी. हंडा-कळशीसुद्धा घुमते."

ती ऐकत नव्हती, वाट बघत होती. सोनबा माझ्या कानाशी पुटपुटले, "त्यो तोंडानं कसा बोलणार... हिनं हाक मारली की दोन डाव तार छेडायचा. हितं आलो, आसं."

तारा गप्प होत्या. मी मनात साठ आकडे मोजले. बाहेर मेंढरांच्या रवंथीचा आवाज थांबला होता, तो कधी थांबला ते मला सांगता येणार नाही. पुरे झालं, असं ठरवून मी ॲम्प बंद करायला हात पुढे केला.

"ओ..."

ॲम्पमधून आला. पुरुषाचा आवाज. जाडसर, सावकाश, लांबच्या डोंगरावरून यावा तसा.

माझा हात तिथेच राहिला.

"सोमा?" बानूबाई म्हणाली. यावेळी हळू.

"ओ... आई..."

माझं डोकं भराभर कामाला लागलं. असले पिकअप रेडिओ पकडतात, मी स्वतः पाहिलंय. एकदा दुकानात कीर्तन आलं होतं, एकदा बाजारभाव. "रेडिओ पकडतोय," मी म्हणाले. आवाज ठाम होता माझा, अजून आठवतो.

"रेडिओ मला आई म्हणंल व्हय, बाई?" ती रागावली नव्हती. तिच्या तोंडावर असं काही आलं होतं की मला तिकडे बघवेना. "बोलाया लागलं माझं लेकरू."

सोनबा भिंतीला टेकले होते. "पोरी..." मला पहिल्यांदाच त्यांनी पोरी म्हटलं. "गिटार तू वळखलीस. खरी हाय, मानलं. आता ह्यो आवाज वळख... ह्यो कुणाचा?"

आता हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. मी खरंच कान दिला. सवयच ती, समोर आलेली वस्तू तपासल्याशिवाय सोडायची नाही. सोमनाथला शब्द नव्हते, पण आवाज होता. हसला की घशातून श्वास फुटायचा, मी तो कितीदा ऐकला होता. माणूस बोलतो तेव्हा शब्दांच्या मध्ये हवा आत घेतो. मुका असो, बोलका असो, हवा घेतोच.

"आई... थंडी... लई..."

मध्ये काही नव्हतं. एकदाही नव्हतं. शब्द संपला की नुसती शांतता, आणि मग पुढचा शब्द.

"खोटा आहे," मी म्हणाले. "बाबा, हा सोमनाथ नाही. मावशी, ऐका माझं... गिटार त्याची आहे, पण हा तो नाही."

बानूबाईने माझ्याकडे पाहिलं. तिला माझं म्हणणं नीट कळलं होतं, याची मला आजही खात्री आहे.

"खोटा तर खोटा," ती म्हणाली. "चार वर्सात खऱ्यानं कुठं ओ दिली?"

"आई... आत येऊ?"

सोनबा वायर उपटायला झेपावले. तिने त्यांचं मनगट धरलं. मेंढरांचे पाय धरून कातरण केलेला हात तो, सोनबांना तो सुटेना.

"ये की, बाबा," ती म्हणाली. "इच्यारायचं काय त्यात?"

ॲम्पमधून फट् असा बारीक आवाज आला आणि मग काहीच आलं नाही. वाड्यातली मेंढरं एकदम उठली आणि घरापासून लांबच्या काट्यांना जाऊन भिडली, एकमेकांच्या अंगावर चढून. एकही ओरडलं नाही. भिजलेल्या लोकरीचा वास आता सगळ्या घरात होता. माळावर अजून ऊन होतं.

मी अवजारं गोळा केली. ॲम्प मात्र बानूबाई देईना, मीही मागितला नाही. निघताना सोनबांना सांगितलं, क्रिया उरकून घ्या, लवकर.

त्यानंतर मी पूर्वीसारखीच काम करत होते. कुणाची गिटार आली की दहा मिनिटांत खरी-खोटी सांगत होते. माझं काही चुकलेलं नव्हतं. दोन्ही वेळा मी बरोबरच सांगितलं होतं.

महिन्याभराने भर बाजाराच्या दिवशी सोनबा दुकानात आले. बरेच वाळले होते. पिशवीतून माझा ॲम्प काढून त्यांनी टेबलावर ठेवला, नीट पुसलेला.

"क्रिया झाली का?" मी विचारलं.

"न्हाई. घरात जेवणाऱ्याची क्रिया कशी करायची म्हंती."

रस्त्यावर जीपवाले ओरडत होते, तरी ते कुजबुजत बोलत होते. मी ॲम्पकडे बघितलं. "म्हणजे अजून बोलतो?"

"बोलतं." बोलतो नाही म्हणाले.

"मग हा का परत आणलात?"

"आता त्याला डब्बा लागत न्हाई."

चहा सांगते, मी म्हणाले, बसा घटकाभर. ते दारात पोचलेसुद्धा होते.

"नगं, ताई. जायाला पायजे. घरी ती एकटी न्हाई."