मिथुनचा वाटा

दुपारच्या भेटीच्या वेळेला जाई पेजेचा डबा घेऊन सानपाड्याहून निघाली आणि वाशीतल्या इस्पितळात पोचली. आई कामावर असायची, त्यामुळे दादाला भरवायचं काम तिचंच. वर्गात चार शब्द बोलायला लाजणारी जाई वॉर्डात मात्र सगळ्यांच्या ओळखीची झाली होती.

"आली का पेजवाली!" आया चांगुणाबाई हसली. "अगं, पेजेनं कुठं मास चढतं? मासली आन त्याला."

"डॉक्टर हो म्हणाले की आणते, मावशी."

प्रसाददादा कोपऱ्यातल्या खाटेवर होता. गर्दच्या नशेच्या सुईने डाव्या हाताला गळू झालं होतं आणि तिथले जंतू रक्तातून हृदयाच्या झडपेपर्यंत गेले होते. औषध सगळं अंगात गेलं तर वाचेल, असं डॉक्टरांनी आईला सांगितलं होतं. बाटलीमागून बाटली चढत होती, पण ताप काही उतरत नव्हता.

खाटेजवळ फिनेलचा वास होता, पुवाचा होता, आणि त्याखाली तिसराच एक, ओहोटीला उघड्या पडलेल्या खाडीच्या चिखलाचा. जाईने स्टूल ओढलं. ते ओलं लागलं.

"तिथं बसू नको," प्रसाद पुटपुटला. "मिथुन बसलाय."

दिवाळे गावचा मिथुन दादाचा जिगरी दोस्त. दोघांची सुई एकच, अर्धं याचं, अर्धं त्याचं. गेल्याच महिन्यात तो असल्याच तापाने, खाडीच्या चिखलात पडून गेला होता.

"दादा, तापात बरळतोयस."

"नाही गं... बाटलीकडे बघ."

जाईने पाहिलं. नळीत थेंब पडत होते, संथ, एकामागून एक. पण बाटलीतलं पाणी झरझर खाली येत होतं, कुणी नळीने ओढून प्यावं तसं. बरोब्बर निम्म्यावर ते थांबलं. चादर कोरडी होती, फरशीही कोरडी. मग पुन्हा थेंबाथेंबाने सुरू झालं.

स्टुलाकडून हलकेच आवाज आला, "अर्धं-अर्धं... ठरलं हाय ना?"

 जाई स्टुलासमोर जाऊन उभी राहिली.

"मिथुनदा, हे ते नाही. हे औषध आहे. ते त्याला सगळंच लागणार."

स्टुलावरून पाण्याचा एक थेंब खाली पडला.

"त्याची-तुझी जोडी मोडली. आता मी आहे. जे काय अर्धं पाहिजे, ते माझ्याकडून घे."

"जाई, नको..." प्रसाद उठू पाहत होता.

तिने झाकणात अर्धी पेज ओतली आणि स्टुलावर ठेवली.  भेटीची वेळ संपली तेव्हा झाकण स्वच्छ होतं.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला. पुढे हाताची जखम भरली आणि प्रसाद घरी आला. आई देवापुढे साखर ठेवून रडली. जाई मात्र कुणाला काही बोलली नाही. रोज शाळेतून आली की आपल्यातली अर्धी भाकरी खिडकीत ठेवायची, संध्याकाळपर्यंत ती गेलेली असायची. आई म्हणायची, कावळे फार माजलेत. जाईला वाटायचं, जमलं आपल्याला.

एके दिवशी भाकरी तशीच राहिली. मुंगीसुद्धा शिवली नव्हती तिला.

जेवताना प्रसादचा घास हातातच थांबला. तो जाईच्या हाताकडे बघत होता. कोपराच्या आतल्या बाजूला, शिरेवर, लाल ठिपका होता. ताजा, भोवतीची कातडी किंचित सुजलेली. असले ठिपके प्रसाद अंधारातही ओळखू शकला असता.

"कुणी टोचलं तुला?" त्याने दबक्या आवाजात विचारलं.

"डास चावला असेल," जाई ठामपणे म्हणाली आणि बाजूच्या रिकाम्या खुर्चीवर हात टेकून उठली.

खुर्ची ओली होती.